बिएन होआचं बोलावणं आणि आईच्या पाटल्या

प्रिय स.,

तुझं पत्र फुलस्केपवर, समास आखून, एकही खाडाखोड न करता लिहिलेलं. रोज वह्या तपासणाऱ्या हाताचं आहे हे लगेच कळलं. पत्र मोठं आहे, म्हणून इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते.

स. २७ वर्षांची, सांगली जिल्ह्यातली. इंग्रजीत एम.ए., शिवाय बी.एड. टीईटी ही पात्रता परीक्षा झाली, टेट ही अभियोग्यता चाचणी दिली, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर प्राधान्यक्रम भरले, नाव काही लागलं नाही. एका संस्थेत कायम जागेसाठी 'डोनेशन'चा आकडा आडून आडून कानावर घातला गेला. सध्या इंग्रजी माध्यमाच्या एका शाळेत सही २२,००० वर करते आणि हातात ११,००० पडतात. आता व्हिएतनाममधल्या हो चि मिन्ह सिटीजवळच्या बिएन होआ शहरातल्या एका खासगी इंग्रजी सेंटरनं व्हिडिओवर डेमो घेऊन तिला होकार कळवलाय. मधे पुण्याचा एक एजंट आहे, तो १,८०,००० मागतोय. त्याचं म्हणणं, पर्यटक व्हिसावर जा, आठवड्यात वर्ग सुरू कर, कामाचा परवाना, म्हणजे वर्क परमिट, मागाहून होतं. आई पाटल्या मोडायला तयार आहे. वडील काहीच बोलत नाहीत. सेंटरच्या मॅनेजरनं हळूच सांगून ठेवलंय की पालकांनी विचारलं तर मी लंडनला वाढले असं सांगायचं. शेवटी तिचे दोन प्रश्न आहेत: 'ताई, मी जाऊ का? आणि माझे उच्चार तिथं चालतील का?'

जा. मनापासून सांगते, जा. पण एजंट दाखवतोय त्या वाटेनं जाऊ नकोस.

मी हो चि मिन्ह सिटीत साडेचार वर्षं अशाच सेंटरांमध्ये शिकवलं, आणि त्यातले पहिले सहा महिने पर्यटक म्हणून काढले. मलाही 'मागाहून होतं' असंच सांगितलं होतं. व्हिसा संपत आला की पहाटेची बस धरून मोक बायच्या नाक्यावर जायचं, पलीकडे कंबोडियात पाय ठेवायचा, नवा व्हिसा घेऊन परत यायचं आणि संध्याकाळी वर्गावर उभं राहायचं. एका शनिवारी मी फळ्यावर प्राण्यांची नावं लिहीत होते. 'एलिफंट' अर्धा झाला होता. तेवढ्यात रिसेप्शनची मुलगी धावत आली आणि मला मागच्या जिन्याकडे ढकलू लागली. खाली तपासणीला अधिकारी आले होते. समोरच्या कॉफीच्या टपरीवर लाल प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलावर मी चाळीस मिनिटं बसून होते, हातात उघडा मार्कर तसाच. वर माझी पंधरा मुलं वाट बघत होती. त्या महिन्याचा पगार तीन आठवडे उशिरा आला आणि मी तोंडातून शब्द काढू शकले नाही, कारण तक्रार कुणाकडे करणार? कागदावर मी तिथं शिकवतच नव्हते.

तुला त्या स्टुलावर बसायला लागू नये, म्हणून हे सगळं लिहितेय.

तुझा एजंट धडधडीत खोटं बोलत नाही. अर्धं खरं बोलतोय, आणि ते जास्त वाईट. ई-व्हिसावर आलेल्या माणसाला देशाबाहेर न जाता नोकरीचा व्हिसा घेता येण्याची सोय व्हिएतनामच्या कायद्यात २०२० पासून आहे. पण ती कुणाला? ज्याच्या हातात वर्क परमिट आहे त्याला. परमिट आधी, व्हिसा नंतर. एजंटानं हा क्रम उलटा केलाय. ई-व्हिसा जास्तीत जास्त ९० दिवसांचा. परमिटशिवाय शिकवताना सापडलीस तर दंड दीड ते अडीच कोटी डोंग. आपल्या पैशांत साधारण ५० ते ८० हजार रुपये, आणि वर देशाबाहेर रवानगी. दंड सेंटरलाही होतो. पण सेंटर दुसऱ्या दिवशी शटर उघडतं आणि तू सांगलीला परत येतेस.

एजंटाच्या पैशांचंही बोलू. परदेशी नोकरीवर माणसं पाठवणाऱ्याला १९८३च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते. उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काला ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी कमाल मर्यादा आहे. त्याला नोंदणी क्रमांक विचार आणि मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तो ताडून बघ. क्रमांक मागितल्यावर आवाज चढला तर उत्तर मिळालंच समज. मुळात तुझी मुलाखत सेंटरनं घेतली, होकार सेंटरनं कळवला. मग १,८०,००० कशाचे? तिकडची सेंटरं शिक्षक थेट घेतात. मला दुसऱ्या आणि तिसऱ्या नोकरीला एक रुपया कुणाला द्यावा लागला नाही. पाटल्या आईच्या हातातच राहू देत.

आता तुझ्या पात्रतेकडे येते, कारण पत्रात तू स्वतःला फारच खाली धरलंयस. परदेशी भाषांच्या सेंटरांसाठी तिथल्या शिक्षण मंत्रालयाचं २०१८चं परिपत्रक आहे. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा परदेशी शिक्षकांसाठी त्यात तीन वाटा दिल्यात: भाषा शिकवण्याची पदवी, किंवा त्या भाषेतली पदवी आणि अध्यापनाचं प्रमाणपत्र, किंवा कुठलीही पदवी, अध्यापनाचं प्रमाणपत्र आणि भाषेवर सहापैकी पाचव्या पातळीचं प्रभुत्व. इंग्रजीची पदवी तुझ्याकडे आहे. शिकवण्याचं शिक्षण आहे. तू मागच्या दारानं जाण्यासारखी मुलगीच नाहीस.

तरी एक भर घाल. बी.एड.नं आपल्याला साठ मुलं, एक पुस्तक आणि घंटेपर्यंतचा पाठ शिकवला. सेंटरमध्ये पंधरा मुलं असतात आणि तासातला बराच वेळ त्यांनी बोलायचं असतं, आपण नाही. ते वळण वेगळं आहे. त्यासाठी केंब्रिजचा सेल्टा चांगला. १२० तासांचा अभ्यासक्रम आणि त्यात निदान सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांपुढे, परीक्षकाच्या नजरेखाली शिकवावं लागतं. महाग आहे, पण ऑनलाइनही होतो. चार दिवसांत घरबसल्या '१२० तासांचं' प्रमाणपत्र देणाऱ्या जाहिराती आहेत त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. फळ्यापुढे त्यांचा काडीचा उपयोग होत नाही.

कागदांना मात्र वेळ लागतो, म्हणून उद्यापासून लाग. पदवीची राज्य सरकारकडून पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचं साक्षांकन, मग व्हिएतनामचा मुंबईतला वाणिज्य दूतावास. त्यांच्या पायऱ्या अधूनमधून बदलतात, तेव्हा आधी तिथं विचारून घे. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतं, पण ते सहा महिन्यांच्या आतलं लागतं, म्हणून सगळ्यात शेवटी काढ. पदवीवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का बघ. वडिलांचं नाव मधे असणं-नसणं एवढ्यावरून माझी फाइल दीड महिना अडली होती.

सेंटर करार पाठवेल तो सावकाश वाच. मानधन तासावर आहे की महिन्यावर, हे आधी. मुलं दिवसा शाळेत असतात, त्यामुळे सेंटरचे वर्ग संध्याकाळी साडेपाच ते नऊ आणि शनिवार-रविवार जवळजवळ दिवसभर. तासाचा दर ऐकून डोळे दिपतात, पण आठवड्याला किमान किती तास देणार हे लिहिलेलं नसेल तर त्या दराला अर्थ नाही. तेत म्हणजे त्यांचा चांद्र नववर्षाचा सण; त्यात सेंटर आठवडा-दोन आठवडे बंद असतं आणि तासावरच्या शिक्षकाला त्या दिवसांचं काहीच मिळत नाही. माझ्या पहिल्या तेतला सगळं शहर गावी गेलेलं, खानावळी बंद, आणि खात्यात भाड्यापुरते पैसे. आठ दिवस भात आणि घरून आणलेली मेतकुटाची पुडी.

व्हिएतनामच्या कामगार कायद्याचं १७वं कलम पाठ कर. मालकाला तुझं मूळ ओळखपत्र, पदवी, प्रमाणपत्र स्वतःकडे ठेवून घेता येत नाही आणि अनामत रक्कमही मागता येत नाही. माझी एम.ए.ची मूळ पदवी अकरा महिने एका सेंटरच्या लोखंडी कपाटात होती, 'परमिटच्या कामासाठी' म्हणून. मला कलम माहीत असतं तर ती अकरा दिवसही तिथं राहिली नसती. पदवीधराच्या कामाला चाचणीकाळ ६० दिवसांपेक्षा जास्त नसतो आणि त्यातही ठरलेल्या पगाराच्या किमान ८५ टक्के द्यावेच लागतात. एक ते तीन वर्षांचा करार सोडायचा तर ३० दिवसांची नोटीस पुरते. 'बाँड' मोडला तर अमुक लाख भरा, असं वाक्य करारात दिसलं तर सही करू नकोस.

आणि जमलं तर घर सेंटरकडून घेऊ नकोस. जपानमध्ये नोव्हा नावाची इंग्रजी वर्गांची सगळ्यात मोठी साखळी २००७च्या ऑक्टोबरात कोसळली. चार हजारांच्या आसपास परदेशी शिक्षक अडकले. कित्येकांच्या पगारातून घरभाडं कापलं जात होतं, पण ते घरमालकांपर्यंत पोचतच नव्हतं. नोकरी गेली आणि पाठोपाठ घर सोडण्याची नोटीस आली. काहींनी शिकवणीच्या बदल्यात जेवण घेतलं. फार जुनी गोष्ट वाटत असेल, तर व्हिएतनामातच अपॅक्स लीडर्स ही मोठी साखळी २०२२-२३ मध्ये डबघाईला आली, शिक्षकांचे पगार थकले आणि आगाऊ फी भरलेले पालक परताव्यासाठी दारात उभे राहिले. सेंटर चकचकीत आहे म्हणून भक्कम असतंच असं नाही. परतीच्या तिकिटाचे पैसे आणि तीन महिन्यांचा खर्च वेगळ्या खात्यात ठेव आणि त्याला हात लावू नकोस.

आता उच्चारांचं. तुला सगळ्यात जास्त भीती याचीच आहे आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय तेही यावरच.

व्हिएतनामी मुलं इंग्रजी शब्दाचं शेवटचं व्यंजन गिळतात. त्यांच्या भाषेत शब्दाच्या शेवटी 'स' येतच नाही, आणि 'क', 'त', 'प' आले तरी तोंडातच मिटतात. म्हणून 'लाइक', 'लाइट', 'लाइस' हे तिन्ही शब्द त्यांच्या तोंडून 'लाय' असे बाहेर पडतात. माझ्या वर्गात बाओ नावाची आठ वर्षांची मुलगी होती. (नाव बदललंय.) ती 'हाउस'ला 'हाउ' म्हणायची. माझ्या आधीचा शिक्षक इंग्लंडचा, स्वभावानं चांगला मुलगा. त्यानं तिला तो शब्द शंभर वेळा ऐकवला होता. तिला तो 'स' ऐकूच येत नव्हता, तर ती म्हणणार काय?

मला तिचं दुखणं ओळखीचं होतं. आपल्याला नाही का एकच 'व' असतो? 'वेस्ट' म्हणजे पश्चिम आणि 'वेस्ट' म्हणजे बंडी, हे दोन वेगळ्या आवाजांचे शब्द आहेत हे मला एम.ए. होईपर्यंत कानानं कळलं नव्हतं. पुस्तकात वाचलं होतं, तेवढंच. आरशासमोर उभी राहून, एकदा वरचे दात खालच्या ओठावर टेकवून आणि एकदा शिट्टी मारल्यासारखा ओठांचा चंबू करून, मी तो फरक तोंडाला शिकवला. कान मागून शिकला. म्हणून बाओला मी ऐकवत बसले नाही. तिचा तळहात तिच्या तोंडासमोर धरला आणि म्हटलं, साप कसा करतो? हातावर वारा लागला. मग 'हाउ', थांबा, साप. 'हाउ-स्स'. तिनं हाताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पुढचा अख्खा तास खोलीतल्या प्रत्येक वस्तूच्या शेवटी साप शोधत फिरली. 'बस', 'ग्लास', 'ड्रेस', आणि साप नसलेल्या 'टेबल'लाही.

म्हणून तुझे उच्चार चालतील का, याचं माझं उत्तर असं: चालतील, थोडी मशागत कर. तीन महिने तीन गोष्टींवर काढ. पहिली ती दोन 'व'ची. दुसरी 'ट' आणि 'ड'. आपण जीभ फार मागे वळवतो, इंग्रजीत ती दातांच्या मागच्या उंचवट्याला हलकेच लागते. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, शब्दातला आघात. मराठीत आघात हलला तरी शब्दाचा अर्थ हलत नाही, म्हणून आपण इंग्रजी शब्दाची सगळी अक्षरं सारख्याच जोरानं म्हणतो. व्हिएतनामी मुलंही तेच करतात. तू स्वतः हे जाणूनबुजून शिकलीस तर त्यांना शिकवू शकशील. लंडनची नक्कल करायला जाऊ नकोस. तुझा आवाज स्वच्छ असू दे, कुणाचा तरी उसना नको.

लंडनचंही तेच. मॅनेजरला आजच सांग की तू ते सांगणार नाहीस.

मलाही एकानं तसं करायला लावलं होतं. माझ्या फोटोशेजारी ब्रिटनचा झेंडा छापून तो जिन्यात लावला होता. मी रोज त्याखालून वर जायचे. मुलं विचारायची, टीचर, राणीचं घर बघितलंय? लहान मुलांशी असं खोटं बोलताना जीभ जड होते गं. महिनाभरानं मी झेंडा काढायला लावला. त्याची किंमत पडली: मोठ्यांचे संध्याकाळचे दोन वर्ग माझ्याकडून काढून घेतले. मग पालकसभेत एका आईनं विचारलं, तुम्ही कुठल्या? मी सांगितलं, भारतातली, महाराष्ट्रातली, माझी भाषा मराठी, इंग्रजी मी शाळेत शिकले, तुमची मुलगी शिकतेय तसंच. सहायक शिक्षिकेनं भाषांतर केलं. ती बाई जरा वेळ गप्प राहिली आणि मग तिनं विचारलं, तुम्हाला किती वर्षं लागली? घरी आम्ही काय करायचं? त्या दिवशी अर्धा तास ती वहीत लिहून घेत होती.

पगारातला फरक राहतो, ते लपवत नाही. शेजारच्या वर्गातला गोरा मुलगा, अध्यापनाचं कसलंही शिक्षण नसलेला, माझ्या दीडपट घ्यायचा. फिलिपिन्सच्या मैत्रिणी माझ्यापेक्षाही कमी. हा अन्याय आहे आणि तो मला आजही सलतो. श्रीनगरात जन्मलेले भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी १९८५ मध्ये इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली: आत मातृभाषा म्हणून बोलणारे, मग आपल्यासारखे देश, आणि बाहेर परकी भाषा म्हणून शिकणारे. सेंटरं आतलं वर्तुळ विकतात. पण बिएन होआत कोरियन, तैवानी, जपानी कारखान्यांच्या वसाहती आहेत. तिथली मुलं मोठी होऊन इंग्रजी बोलतील ती याच माणसांशी, लंडनकरांशी क्वचितच.

इतर देशांचं विचारलंयस. दक्षिण कोरियाच्या हागवॉनना, म्हणजे खासगी शिकवणी वर्गांना, भाषाशिक्षकाचा ई-२ व्हिसा लागतो आणि तो अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका या सातच देशांच्या पासपोर्टना मिळतो. भारतीयांना २०१०च्या व्यापार करारानं एक फट ठेवलीय, पण ती सरकारी शाळांपुरती. चीनमध्ये जुलै २०२१ च्या धोरणानं शाळकरी मुलांच्या खासगी शिकवण्यांचा धंदाच बसला. थायलंडमध्ये आपल्या लोकांना जागा मिळतात, टोइकसारख्या परीक्षेचे गुण लागतात. तुझ्या हातात जे आलंय ते या सगळ्यांत बरं आहे, फक्त सरळ मार्गानं ये.

लग्नाचं वय निघून चाललंय म्हणणाऱ्यांना सध्या उत्तर देऊ नकोस. वडिलांशी मात्र बोल. पाटल्या मोडायच्या नाहीत एवढं कळलं तरी कदाचित ते बोलते होतील.

आणि एक सांगायचं राहिलं. तिथं मुलं शिक्षिकेला 'को' म्हणतात. त्यांच्या भाषेत त्याच शब्दानं वडिलांच्या धाकट्या बहिणीलाही हाक मारतात. म्हणजे पंधरा मुलं तुला रोज संध्याकाळी आत्या म्हणणार. २० नोव्हेंबरला त्यांचा शिक्षक दिन. मोठ्या फुलदाण्या आधीच घेऊन ठेव, बादल्या अपुऱ्या पडतात.

आज रात्री मॅनेजरला मेल कर. एवढंच लिही: 'मला तुमच्याकडे शिकवायचं आहे. माझ्या साक्षांकित पदव्या तयार झाल्या की पाठवते. माझं वर्क परमिट आणि नोकरीचा व्हिसा मंजूर झाल्यावर मी तिकीट काढेन. पालकांना मी भारतातून आले आहे असं सांगेन. हे मान्य असेल तर कराराचा मसुदा पाठवा.' काय उत्तर येतं ते मला कळव.

तुझी,
ताई